आकाशातून येतो, गच्चीवर हरवतो

रात्रीचे आठ वाजलेले. मालिकेतली सून सासूसमोर काहीतरी कबूल करायला तोंड उघडते आणि तिचं तोंड उघडंच राहतं. चेहऱ्याचे चौकोनी तुकडे होतात, आवाज खरवडल्यासारखा येतो, आणि मग पडद्यावर एकच ओळ उरते: सिग्नल उपलब्ध नाही.

पुढे जे घडतं ते वसईपासून वाशीमपर्यंत सारखंच. कोणी रिमोटच्या पाठीवर थापट्या मारतं, कोणी बॉक्स बंद करून पुन्हा लावतं, कोणी 'रिचार्ज केला होता ना?' असं संशयाने विचारतं. पाचव्या मिनिटाला घरातला एकजण गच्चीवर असतो आणि दुसरा खिडकीत. "आला का?" "नाही!" "आता?" "आला... गेला, गेला! मघाशी होती तशी कर!" मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं. हा संवादही जवळजवळ तेवढाच जुना. तेव्हा गच्चीवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना होता, आता छत्री आहे. फरक एवढाच की अँटेना अंदाजाने फिरवून चालत असे. छत्रीला हात घालणं म्हणजे बहुतेक वेळा रोगापेक्षा इलाज भयंकर.

'सिग्नल उपलब्ध नाही' ही ओळ म्हणजे डॉक्टरने 'ताप आहे' म्हणण्यासारखं आहे. ताप आहे हे रुग्णालाही कळलेलंच असतं. तो सर्दीचा की मलेरियाचा, हे ठरवायला डॉक्टर पहिला प्रश्न विचारतो तो 'कधीपासून?' हा. डिशच्या बाबतीतही नेमका हाच प्रश्न कोणी विचारत नाही. सिग्नल नुसता जात नाही. तो पावसात जातो, वाऱ्यात जातो, भर दुपारी जातो, रंगकाम झाल्यावर जातो किंवा काही ठरावीक चॅनेलांपुरताच जातो. त्या वेळेत निम्मं निदान दडलेलं असतं.

ज्या वाटेने तो येतो ती वाट आधी पाहायला हवी. विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर उपग्रह पृथ्वीच्याच गतीने फिरत असतो, म्हणून जमिनीवरून तो एका जागी खिळल्यासारखा वाटतो. अशा जागेवरून प्रक्षेपण करता येईल, असं सांगणारा लेख विज्ञानकथालेखक आर्थर क्लार्क यांनी १९४५ साली लिहिला होता. त्या जागेवरून निघणारी शक्ती काही फार मोठी नसते. टाटा स्कायची (आताच्या टाटा प्लेची) सेवा २००६ साली ज्या इन्सॅट-४ए उपग्रहावरून सुरू झाली, त्याचा एकेक केयू बँड ट्रान्सपाँडर, म्हणजे कार्यक्रम खाली पाठवणारा प्रक्षेपक, १४० वॅटचा होता. जुन्या पिवळ्या बल्बांच्या हिशोबात दीड बल्ब. एवढ्या उजेडात अख्खा भारत उजळायचा! गच्चीवरच्या साठ सेंटिमीटर छत्रीत त्यातलं जे पडतं ते एका वॅटच्या लाख कोटीव्या भागाच्या आसपास असतं. आणि तरीही एरवी चित्र स्वच्छ दिसतं.

म्हणजे सर्वांत अवघड टप्पा, छत्तीस हजार किलोमीटरचा, रोज बिनबोभाट पार पडतो. उपग्रह आपल्या जागेपासून साधारण एक दशांश अंशाच्या आतच राहावा म्हणून जमिनीवरचे अभियंते त्याला वरचेवर हलके धक्के देत असतात. घात होतो तो शेवटच्या वीस मीटरांत: छत्रीचा बोल्ट, एलएनबीचं तोंड, दोन कनेक्टर आणि त्यांच्यामधली काळी किंवा पांढरी वायर.

एलएनबी म्हणजे छत्रीसमोरच्या दांड्यावर बसवलेलं ते बोंडूक. त्याचं काम दुहेरी. छत्रीने गोळा केलेला क्षीण सिग्नल ते कित्येक पटींनी वाढवतं आणि त्याची वारंवारता खाली आणतं. आकाशातून येणाऱ्या लहरी ११-१२ गिगाहर्ट्झच्या असतात. त्या तशाच वायरीत सोडल्या तर खोलीत पोचेपर्यंत त्यांचा मागमूस राहणार नाही. म्हणून एलएनबी त्यांना ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात उतरवतं. या कामाला वीज लागते, आणि ती वीज त्याच वायरीतून उलट दिशेने, बॉक्सकडून छत्रीकडे जाते. हे अनेकांच्या ध्यानीमनी नसतं. वायरीतून सिग्नल खाली येतो आणि वीज वर जाते. बॉक्स १३ व्होल्ट पाठवतो तेव्हा एलएनबी उभ्या ध्रुवीकरणाच्या लहरी उचलतं, १८ व्होल्ट पाठवतो तेव्हा आडव्या.

या एका तपशिलातून एक नेहमीचं कोडं सुटतं. घरात निम्मे चॅनेल दिसतात आणि निम्मे नाहीत, तेव्हा लोक कंपनीने पॅक बदलला म्हणून चिडतात. अनेकदा पॅकचा काही संबंध नसतो. वायर जुनी झालेली असते, सांधे गंजलेले असतात, १८ व्होल्ट वर पोचेपर्यंत घसरतात आणि एलएनबी उभ्याच लहरींवर अडकून बसतं. आडव्या लहरींवरचे चॅनेल मग येतच नाहीत. कधी बॉक्सचा अडॅप्टरच दुबळा झालेला असतो. चॅनेल बदलताना बॉक्स आपोआप बंद होऊन सुरू होत असेल, तर संशय तिथेच घ्यावा.

निदानाचं सगळ्यात उपयोगी यंत्र मात्र प्रत्येक घरात आधीपासून असतं आणि वर्षानुवर्षं कोणी उघडत नाही. बॉक्सच्या मेन्यूत सेटिंग किंवा सेटअपच्या आत दोन पट्ट्या दिसतात, एक सिग्नल स्ट्रेंथची, दुसरी क्वालिटीची. दोन्ही एकच आहेत असं वाटतं, पण तसं नाही. एसटी स्टँडवरचा भोंगा आठवावा. आवाज एवढा की कानठळ्या बसतात, पण कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली ते काही कळत नाही. स्ट्रेंथ जोरदार, क्वालिटी शून्य! स्ट्रेंथची पट्टी वायरीतून किती गलका खाली येतोय ते सांगते, आणि त्यात एलएनबीची स्वतःची कुरकुरही धरलेली असते. क्वालिटीची पट्टी सांगते की त्यातलं किती समजलं.

म्हणून दोन्ही पट्ट्या शून्यावर असतील तर वर वीजच पोचत नाही किंवा खाली काहीच येत नाही. वायर तुटली, कनेक्टर निसटला किंवा एलएनबी मेलं. अशा वेळी छत्री फिरवणं म्हणजे दिवा बंद आहे म्हणून खिडकी पुसण्यासारखं. उलट, स्ट्रेंथ भरपूर आणि क्वालिटी शून्य असेल तर वायर आणि एलएनबी दोन्ही जिवंत आहेत. छत्री रिकाम्या आकाशाकडे नाहीतर भलत्याच उपग्रहाकडे पाहतेय, किंवा तिच्यासमोर काहीतरी आलंय. दोन्ही पट्ट्या अर्ध्यावर आणि क्वालिटी नाचत असेल तर दोष वायरीतल्या पाण्यात, सैल बोल्टात किंवा हलणाऱ्या फांदीत शोधायचा. गच्चीवर जाणाऱ्याला खिडकीतून 'आला, गेला' ओरडण्याऐवजी या पट्टीवरचा आकडा सांगितला तर निम्मी धावपळ वाचते. डिश बसवणारा अनुभवी माणूस 'चित्र येतंय का' असं विचारत नाही, 'क्वालिटी किती?' असं विचारतो.

पहिली तपासणी कनेक्टरची, कारण ती बसल्या जागी होते. आधी बॉक्सचा प्लग भिंतीतून काढायचा. वायरीत वीज आहे हे वर आलंच आहे, आणि चालू बॉक्सची वायर काढता-घालताना शॉर्ट झालं तर नुकसान बॉक्सचं होतं. मग मागचं पितळी टोपण हाताने उलट फिरवून वायर बाहेर काढायची आणि उजेडात धरून टोकाकडे नीट पाहायचं. एफ कनेक्टरला वेगळी पिन नसते. वायरीच्या पोटातली मधली तार हीच पिन. ती लख्ख हवी, सरळ हवी आणि टोपणाच्या कडेच्या किंचित पुढे आलेली हवी. ती हिरवट-काळपट दिसत असेल तर पाणी आत शिरलंय. ती आत ओढली गेली असेल तर टोपण घट्ट बसूनही ती सॉकेटला टेकतच नाही. आणि सर्वांत लबाड दोष म्हणजे बाहेरच्या जाळीतला एखादा केसाएवढा धागा मधल्या तारेला चिकटलेला असणं. तेवढ्याने शॉर्ट होतं आणि सावध बॉक्स वरची वीज तोडून टाकतो. इतका मोठा उपग्रह, इतकी मोठी छत्री, आणि अडवणारा कोण तर एक केस.

खराब टोक दोन-तीन इंच कापून नवा कनेक्टर लावणं हे काही रुपयांचं काम. पण गच्चीवरच्या टोकाला ते तितकं सोपं नसतं, कारण पाण्याचा मार्ग तिथूनच सुरू होतो. वायरीच्या जाळीतून पाणी तेल वातीत चढावं तसं सरकत जातं आणि महिन्याभराने खोलीतल्या बॉक्सपर्यंतही पोचू शकतं. जाणता कारागीर एलएनबीपाशी वायरीचा एक झोळ मुद्दाम खाली सोडतो. वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी येऊन टपकून जातं, कनेक्टरकडे चढत नाही. नवशिके हाच झोळ गबाळा दिसतो म्हणून ताणून बांधतात. बाकी वायरीचे शत्रू घरातलेच: उंदीर, सरकत्या खिडकीच्या फटीत रोज चेपली जाणारी जागा, आणि मध्येच कुठेतरी दोन तारा पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेला जोड. विजेच्या वायरीला असा जोड एक वेळ चालून जातो. या लहरींना तो भिंतीसारखा वाटतो.

आता छत्रीकडे. साठ सेंटिमीटरच्या छत्रीची नजर सुमारे तीन अंशांची, म्हणजे मध्यापासून दीड अंश हललं की खेळ खलास. एक अंश म्हणजे किती? छत्रीची वरची कड खालच्या कडेच्या मानाने साधारण एक सेंटिमीटर पुढे-मागे झाली की एक अंश होतो. त्या एका सेंटिमीटरचे उपग्रहापाशी सहाशे किलोमीटरांहून जास्त होतात. माकडाने एकदा लोंबकळणं पुरेसं आहे, आणि कोकणात माकडांना छत्रीइतकी सोयीची बैठक दुसरी नाही. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-अलिबागच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा घरांवरचे पत्रे उडाले, मोठी झाडं आडवी झाली. छत्री हलायला मात्र वादळच लागतं असं नाही. दिवाळीआधीच्या रंगकामात रंगाऱ्याने ब्रश फिरवायला छत्री जराशी बाजूला सरकवलेली असते आणि त्याच्या दृष्टीने ती पुन्हा तशीच ठेवलेली असते.

छत्री नेमकी पाहते कुठे? भारतातल्या डीटीएच सेवांचे उपग्रह ८३ ते १०८ अंश पूर्व रेखांशांच्या दरम्यान आहेत. अख्खा महाराष्ट्र त्यांच्या पश्चिमेला, म्हणून इथली सगळी छत्री-सेना आग्नेयेकडे तोंड करून बसलेली. पुण्याहून पाहिलं तर टाटा प्लेची ८३ अंशांवरची जागा दक्षिणेच्या थोडी पूर्वेकडे आणि क्षितिजापासून जवळजवळ ६६ अंश वर येते. डीडी फ्री डिशचा ९३.५ अंशांवरचा जीसॅट-१५ साधारण ५९ अंश वर. एअरटेलची १०८.२ अंशांवरची जागा पूर्वेकडे बरीच कललेली आणि फक्त ४५ अंश वर. यातून एक गंमत होते. एकाच गच्चीवर, एकाच नारळापासून तीन मीटरवर दोन छत्र्या शेजारी बसवल्या, तर एकीला तो नारळ छत्रीपेक्षा तीन मीटर उंच झाला की अडचण, दुसरीला तो साडेसहा मीटर उंच होईपर्यंत पत्ताच नाही. मग 'त्यांच्याकडे दिसतं, आमच्याकडेच का नाही?' म्हणून कंपन्यांना शिव्या बसतात.

डोळ्यांनी अंदाज घ्यायला जावं तर छत्री तिथेही फसवते. ती कढईसारखी सरळ समोर पाहत नाही. एलएनबी मध्यात न बसवता खाली बसवलेलं असतं आणि छत्री आपल्या तोंडापेक्षा साधारण २५ अंश वर पाहत असते. समोरची भिंत आड येतेय असं वाटतं, ती येत नसते. डोक्यावरची फांदी बरीच वर आहे असं वाटतं, नेमकी तीच नजरेत असते. पाच वर्षांपूर्वी छत्री बसवली तेव्हा ती फांदी तिथे नव्हती, हे शोधायला सर्वांत अवघड. झाड काही एका रात्रीत वाढत नाही, आणि पानं ओली झाली की त्याच फांदीतून एरवी झिरपणारा सिग्नलही अडतो. इमारतींच्या गॅलरीत याचीच घरगुती आवृत्ती चालते. छत्री ग्रीलला टांगलेली आणि तिच्यासमोर दोरीवर ओली साडी. साडी वाळली की चित्र आपोआप परत येतं आणि कारण कोणाच्याही लक्षात येत नाही.

पावसाची गोष्ट वेगळी, आणि तिथे बहुतेक वेळा कोणाचाच दोष नसतो. १२ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी अडीच सेंटिमीटर. पावसाचे मोठे थेंब काही मिलिमीटरांचे. आकारांत एवढीच तफावत असली की थेंब त्या लहरींची ऊर्जा पितात आणि उरलेली इकडेतिकडे उधळतात. श्रावणातल्या भुरभुरीने काही बिघडत नाही. आभाळ फाटल्यासारखा कोसळणारा पाऊसच सिग्नल अडवतो. केबलवाल्यांच्या गच्चीवरच्या मोठाल्या डिश सी बँडच्या, साडेसात सेंटिमीटरांच्या लहरींच्या. त्यांना तोच पाऊस जेमतेम जाणवतो. म्हणून धो-धो पावसात छत्रीवाल्यांचा पडदा काळा आणि शेजारच्या केबलवाल्यांकडे मॅच चालू, हे दृश्य. आणखी मागे गेलं तर १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात साइट या प्रयोगात सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांना अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून थेट कार्यक्रम दाखवले गेले. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. त्या गावांतल्या डिश दहा फुटी होत्या आणि कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या, कारण ८६० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी पस्तीस सेंटिमीटर. जाळीच्या भोकांतून ती निसटत नसे आणि थेंबांना दाद देत नसे. छोट्या छत्रीची सोय हवी तर लहर आखूड हवी, आणि लहर आखूड झाली की पाऊस आडवा आला. हा व्यवहार सगळ्यांनी आंधळेपणाने का होईना मान्य केलाय.

पाऊस आपल्या घरावर नसतानाही सिग्नल जातो, तेव्हा लोक चक्रावतात. छत्री सरळ वर पाहत नसून तिरकी आग्नेयेकडे पाहते हे ध्यानात घेतलं की उलगडा होतो. पावसाचा खांब साधारण पाच किलोमीटर उंच असतो. ४५ अंशांवर पाहणाऱ्या छत्रीची नजर तो खांब घरापासून पाच किलोमीटरपर्यंत कुठेही भेदते. मेमधला वळीव ज्या गावात पूर्वेकडून चढून येतो तिथे आधी टीव्ही जातो, मग दहा-पंधरा मिनिटांनी अंगणातले कपडे काढायची धांदल. छत्रीचा हा हवामान अंदाज वाया घालवू नये.

जुन्या टीव्हीवर सिग्नल क्षीण झाला की मुंग्या यायच्या. मुंग्या वाढत वाढत चित्र झाकायच्या, पण गावस्करची बॅट ओळखू यायची. डिजिटल प्रसारणात चुका दुरुस्त करणारे जादाचे अंक सोबत पाठवलेले असतात. त्यांच्या जोरावर बॉक्स शेवटपर्यंत स्वच्छ चित्र देत राहतो, आणि दुरुस्तीची मर्यादा संपली की एकदम हात टेकतो. मध्ये पायऱ्या नाहीत, सरळ कडा. त्यामुळे थोडी सरकलेली छत्री उन्हाळाभर काहीच तक्रार करत नाही. चित्र लख्ख दिसतं, क्वालिटी मात्र कड्याच्या टोकावर उभी असते, आणि जूनच्या पहिल्याच सरीला कोसळते. दोष उघड होतो पावसात, पण झालेला असतो डिसेंबरात. म्हणून कोरड्या दिवसांत कधीतरी क्वालिटीचा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर टिपून ठेवावा. ताप आला की नाही हे ठरवायला आधी अंग किती गरम असतं ते माहीत हवं.

पाऊस थांबल्यावर दहा-वीस मिनिटांत चित्र परत आलं तर काहीही करू नये. ऊन पडूनही परत आलं नाही तर पाणी कनेक्टरात शिरलंय किंवा वाऱ्याने छत्री वळलीय. एलएनबीवर प्लास्टिकची पिशवी बांधणारे हौशी लोक आहेत. कोरडी पिशवी निरुपद्रवी, पण तिच्यावर पाणी साचलं की ती स्वतःच पावसाचं काम करते. एलएनबीच्या तोंडावरचं झाकण फुटलं असेल तर पिशवीने भागत नाही, ते बदलावंच लागतं. आत गांधीलमाश्यांनी घर केलेलंही सापडतं. घाटमाथ्यावर किंवा कोकणात मोठी, ९० सेंटिमीटरची छत्री लावली तर सव्वादोनपट सिग्नल गोळा होतो आणि बऱ्याच सरी पचतात. विजा कडाडत असताना मात्र गच्चीवर जाऊ नये, आणि बॉक्सचा प्लग व वायर आधीच काढून ठेवावी.

पावसाच्या उलट तक्रार विदर्भातून येते. भर दुपारी दोन ते पाच सिग्नल नाही, संध्याकाळी सगळं ठीक. तापलेल्या पत्र्याशेजारचं म्हातारं एलएनबी वारंवारतेपासून भरकटलेलं असतं, थंड झालं की ठिकाणावर येतं. असं एलएनबी दुरुस्त करत बसू नये, नवं आणावं.

कधी सिग्नल गेलेलाच नसतो. 'खातं बंद आहे' किंवा 'हा चॅनेल तुमच्या पॅकमध्ये नाही' अशी सूचना पडद्यावर आली तर तो सिग्नल व्यवस्थित येत असल्याचाच पुरावा. चॅनेल उघडण्याचा आदेशही आकाशातूनच येतो, म्हणून रिचार्जनंतर बॉक्स चालू ठेवून वाट पाहावी लागते. रिचार्ज झाला तरी टीव्ही सुरू होत नाही म्हणून रागाने बॉक्स बंद करणारा माणूस तो आदेश आत यायचं दारच लावून घेतो. फ्री डिशचा प्रकार आणखी निराळा. तिथे मासिक पैसे नाहीत, पण खासगी चॅनेलांच्या जागांचा लिलाव होतो आणि चॅनेल इकडचे तिकडे होतात. सिग्नल उत्तम, आवडता चॅनेल गायब. छत्रीला हात न लावता बॉक्समधून पुन्हा स्कॅन केलं की जे उरलंय ते सापडतं.

आणि खुद्द उपग्रह बिघडला तर? क्वचित का होईना, तेही होतं. ७ जुलै २०१० रोजी इन्सॅट-४बी या उपग्रहाच्या वीजपुरवठ्यात बिघाड झाला आणि त्याचे निम्मे ट्रान्सपाँडर बंद ठेवावे लागले. दूरदर्शनची तेव्हाची डीडी डायरेक्ट प्लस आणि सन डायरेक्ट या दोन्ही सेवा त्याच्यावर होत्या. अशा वेळी एका घराचा नव्हे, लाखो घरांचा पडदा एकाच क्षणी जातो. ओळखायची युक्ती साधी: त्याच कंपनीची छत्री असलेल्या, पण दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाला फोन करायचा. शेजाऱ्याला विचारून उपयोग नाही, कारण पाऊस त्याच्यावरही तोच आहे. उपग्रह म्हातारा झाला की नवा पाठवतात तोही शक्यतो त्याच अंशावर. २३ जून २०२२ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू इथून उडालेला जीसॅट-२४ ८३ अंशांवरच नेऊन ठेवला गेला. आकाशात नवा उपग्रह चढवणं परवडतं, गच्च्यांवरच्या असंख्य छत्र्यांची मान वळवणं परवडत नाही.

राहिला तो सूर्य. वर्षातून दोनदा, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, महाराष्ट्रातून पाहताना सूर्य नेमका उपग्रहांच्या पाठीमागून सरकतो. सूर्यही रेडिओलहरी सोडतो, आणि त्याच्या गोंगाटात उपग्रहाचा आवाज बुडतो. ओळीने काही दिवस, रोज जवळजवळ त्याच वेळी, काही मिनिटं चित्र तुटतं आणि आपोआप जुळतं. तक्रार नोंदवेपर्यंत सगळं ठीक झालेलं असतं आणि घरी आलेल्या माणसाला काहीच सापडत नाही.

या गैरसोयीचा मात्र फुकटात उपयोग करून घेता येतो. त्या दिवसांत, त्या मिनिटांना, सूर्य आणि उपग्रह छत्रीच्या दृष्टीने एकाच रेषेत असतात. म्हणजे उपग्रहाची वाट जे अडवतं, तेच ऊनही अडवतं. १ ऑक्टोबरच्या आगेमागे पुण्याजवळच्या गच्चीवर ही वेळ १०८.२ अंशांच्या छत्रीसाठी सकाळी पावणेदहाच्या सुमारास येते, फ्री डिशसाठी अकराला पाच कमी असताना आणि ८३ अंशांसाठी अकरा चाळीसला. त्या वेळी वर जाऊन छत्रीला हात न लावता नुसतं पाहायचं. पूर्ण तबकडीवर ऊन असेल तर वाट मोकळी. कडेला शेवग्याच्या पानांची जाळीदार सावली हलत असेल, तर सावलीच्या मागे मागे नजर नेऊन ती फांदी शोधायची आणि कोयता आणायला खाली उतरायचं.